जवसाच्या फुलाचा निळा

शोरूमच्या पोरानं कागदावर रंगाचा कोड लिहून दिला,
दोन अक्षरं, चार आकडे.
बायकोनं दाराला हात लावून पाहिला, म्हणाली,
हा तं जवसाच्या फुलाचा निळा व्हय.

मुंगोलीची खाण ते घुग्गुसचं सायडिंग,
दिवसाला तीन खेपा.
पहिल्या संध्याकाळी फूल तव्याच्या पाठीसारखं झालं होतं.

सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या पुसल्या.
गफूर उस्ताद टायरवर बसून सांगायचे,
सुपारी या गालातून त्या गालात नेत:
सुक्या धुळीवर फडकं मारलं
तर ते पुसणं नोहे पोट्ट्या, घासणं व्हय.
कोळशाले धार असते.
आधी नुसतं पाणी. वरून खाली.
म्हाताऱ्या माणसाले आंघोळ घालते तसं, घाई न करता.
बादल्या दोन. एकीत शाम्पू,
दुसरीत फडक्याचं पाप.
आन् कपडा गोल नोको फिरवू,
गाडी म्हणजे जातं नाही.

तेव्हा हे सगळं मालकाच्या रंगासाठी होतं.

आता पहाटे चारला निर्गुडेवरून पाणी आणतो.
बोअरचं पाणी खारं,
वैशाखात तर बॉनेटवर टेकतं न टेकतं तोच उडतं,
चहा न घेता गेलेल्या पाहुण्यासारखं
मागे पांढरा डाग ठेवून.
लिंबाखाली गाडी लावत नाही, बगळे बसतात,
त्यांची शीट दुपारपर्यंत रंगात उतरते.
मोहाखाली तर मुळीच नाही.
उघड्यावर लावली तर ऊन आहेच.
उस्तादांना विचारलं असतं कुठे लावू,
तर त्यांनी सुपारीच फिरवली असती.

दोन सुती लुगडी गाडीच्या अंगावर गेली.
तिसरं मागितलं तेव्हा बायको म्हणाली,
तुमच्या फुलासाठी मी काय गोणपाट नेसू?

खांदशेकणीच्या संध्याकाळी
गाव बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होतं
आणि मी मडगार्डला वॅक्स.
कोणी हसलं नाही. उलट
उरकुडा बोबडे येऊन बोटानं पाहून गेले,
किती घट्ट लावता म्हणून.

पोळ्याच्या दिवशी त्यांचाच मोऱ्या,
शिंगांचा हिंगूळ अजून ओला,
तोरणाकडे जाता जाता थांबला.
त्याच्या मानेला खाज सुटली असावी.
ड्रायव्हरच्या दारावर त्यानं डोकं टेकलं
आणि सावकाश, मन लावून, घासलं.

हातभर चरा. निळ्याखाली राखाडी,
वरून लाल.
डफडी वाजवणारे थांबले.
उरकुडाजींनी टोपी काढली, त्याच टोपीनं
चरा पुसायला लागले, कोरड्या, भराभर,
गोल गोल.

मी ओरडलो: गोल नका फिरवू!

सतरा वर्षांनी माझ्या तोंडून
गफूर उस्ताद ओरडले होते.
मग मलाच हसू आलं, मग त्यांनाही, थोडं घाबरत.
मी पाणी आणलं. वरून खाली सोडलं.
हिंगूळ गेला. चरा राहिला.
मोऱ्या तोवर पुरणपोळी खाऊन आला होता.

वणीचा पेंटर कोड मागू लागला.
डॅशबोर्डावरचा कागद उन्हानं कोरा झालेला.
बायकोनं ओच्यातून चिमूटभर जवसाची फुलं काढली असती,
पण तो भादवा होता,
जवस पेरायचाच होता अजून.
पेंटरनं अंदाजानं मिसळला,
दोन डोळे मिटून, एक उघडून, असा.

पहिलं वर्षभर तो पट्टा मला एकट्यालाच दिसायचा,
सकाळच्या तिरक्या उन्हात,
जरा जास्त निळा.

आता सगळ्यांना दिसतो.
बाकीची गाडी पाच उन्हाळ्यांत
धुतलेल्या लुगड्यासारखी फिकी झाली,
एवढं पाणी, एवढं वॅक्स लावूनही.
तेवढी हातभर जागा मात्र
अजून शोरूममधून निघालीच नाही.

नवा क्लीनर सुखदेव मडावी, नवव्या इयत्तेत शाळा सोडलेला,
पुसता पुसता तिथे आला की थांबतो.
काका, एवढंच कावून चमकते?

बैलानं पॉलिश केलं, मी म्हणतो.
तो खरं मानतो बहुतेक.
लुगड्याची नवी घडी उलगडतो
आणि त्या पट्ट्यावरून नेतो,
सरळ,
वरून खाली.